मोंझावर ६० मिनिटं: मागची बाजू का सुटते, पेट्रोल का संपतं

खारघरच्या सदस्याच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: कार रेसिंगचा कॉम्प्युटर गेम असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने, म्हणजे एसीसी, ट्रॅक इटलीतला मोंझा, गाडी पोर्शे ९९२ जीटी३ आर, व्हील लॉजिटेक जी२९, सेटअप (टायर, सस्पेन्शन, विंग वगैरेंची जुळणी) गेमसोबत येणारा अ‍ॅग्रेसिव्ह. पहिले पाच लॅप झकास, मग लेस्मो या वळणांतून बाहेर पडताना आणि पॅराबोलिका या शेवटच्या वळणात गाडीची मागची बाजू सुटते, म्हणजे घसरते. ऑनलाइन लीगच्या ६० मिनिटांच्या रेसमध्ये शेवटच्या लॅपला पेट्रोल संपलं. त्याआधीच्या रेसमध्ये वीज लुकलुकली आणि सर्व्हरमधून बाहेर. विकतचा सेटअप घ्यावा का?

आधी शेवटचं: घेऊ नका, निदान आत्ता तरी. विकतचे बरेच सेटअप ठरावीक तापमानात, कमी पेट्रोलवर, एक वेगवान लॅप काढण्यासाठी बनवलेले असतात. तुमचा त्रास सहाव्या लॅपनंतर सुरू होतो आणि तिथे असे सेटअप उपयोगी पडत नाहीत. रेसचा सेटअप विसाव्या लॅपसाठी करायचा. पहिल्या लॅपला गाडी थोडी सुस्त वाटली तर वाटू द्या.

पाच लॅपनंतर मागची बाजू सुटण्याचं पहिलं संशयित कारण टायर प्रेशर. २०२३ च्या १.९ आवृत्तीत टायरचं वागणं बदललं. तेव्हापासून कोरड्या ट्रॅकवर स्लिक (खाचा नसलेले) टायर गरम झाल्यावर २६ ते २७ पीएसआय हवेत, साधारण २६.५ धरा. त्याआधीच्या व्हिडिओंत २७.५ च्या आसपास सांगितलेलं असतं, ते डोक्यातून काढून टाका. पावसाच्या टायरला मात्र ३० च्या जवळपासच लागतं.

मोजायचं कसं? रेसमध्ये असेल तेवढं पेट्रोल भरा, सहा-सात लॅप न घसरता चालवा आणि दर लॅपला एकाच जागी आकडा बघा. मेन स्ट्रेटचा, म्हणजे पॅराबोलिकानंतरच्या लांब सरळ भागाचा, मध्य सोयीचा, कारण पॅराबोलिकातून नुकतंच बाहेर पडल्यावर डावे टायर फुगलेले दिसतात. मागचा डावा २७.३ दिसला तर सेटअपमध्ये त्याचं थंड (निघण्याआधीचं) प्रेशर ०.८ ने उतरवा. चारही टायर स्वतंत्र बघा. मोंझावर लांब आणि वेगवान वळणं, म्हणजे कर्व्हा ग्रांदे, दोन्ही लेस्मो आणि पॅराबोलिका, सगळी उजवीकडची आहेत. भार डाव्या बाजूवर येतो, त्यामुळे डाव्या टायरचं थंड प्रेशर उजव्यापेक्षा कमी ठेवावं लागतं. चारही सारखे ठेवले की डावे फुगतात आणि उजवे पोचतच नाहीत.

आता तापमान. हवेचं तापमान एक अंशाने बदललं की प्रेशर साधारण ०.१ ने हलतं. सराव २८ अंशाला केला आणि लीगच्या सर्व्हरवर २२ असेल तर चारही टायरमध्ये ०.६ वाढवून जायचं. इथे गेममधलं तापमान मोजायचं. तुमच्या खोलीत एसी चालू आहे की खारघरच्या मे महिन्यात पंख्यावर भागवताय, याचा संबंध नाही (तुमच्या घामाचा थोडा असेल). सर्व्हरवर वेळ वेगाने पळत असेल तर दुपारी सुरू झालेली रेस संध्याकाळी संपते. मग पिट स्टॉपला (टायर-पेट्रोलसाठी थांबाल तेव्हा) चढणाऱ्या टायरचं प्रेशरसुद्धा पिटच्या मेनूत वेगळं भरायला हवं, आणि हेच बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. ब्रेक डक्ट (ब्रेक थंड करणाऱ्या हवेची वाट) बदलणार असाल तर ते आधी करा. ब्रेकची उष्णता रिममधून टायरमध्ये जाते, म्हणून डक्ट हलवलं की प्रेशर पुन्हा मोजावं लागतं.

प्रेशर जागेवर आलं तरी मागची बाजू सुटत असेल तर ती नेमकी कधी सुटते ते रिप्लेमध्ये बघा. लेस्मोतून बाहेर येताना गॅस दिल्यावर सुटते? मग ट्रॅक्शन कंट्रोल (गॅस दिल्यावर चाकं घसरू न देणारी यंत्रणा) एक-दोन पायऱ्या वाढवा आणि मागचा अँटिरोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) एक पायरी मऊ करा. या पोर्शेचं वजन मागे, त्यामुळे मागचे टायर तसेही जास्त राबतात. कमी ट्रॅक्शन कंट्रोलवर दर लॅपला होणारी बारीकशी घसरण हातातल्या व्हीलमध्ये जाणवत नाही, पण टायर तापवत राहते. पाच लॅपची मजा आणि सहाव्याला गिरकी, हे त्याचंच लक्षण. पहिल्या शिकेनला (लागोपाठच्या उलटसुलट वळणांना) ब्रेक सोडताना मागची बाजू हलत असेल तर ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणी) अर्धा ते एक टक्का पुढे घ्या किंवा डिफरन्शियलचा प्रीलोड (मागची दोन चाकं एकमेकांशी किती घट्ट बांधलेली ते) थोडा वाढवा. प्रीलोड फार वाढवलात तर गाडी वळणात ढकलल्यासारखी सरळ जायला बघते, म्हणून दोन क्लिकच्या वर एकदम जाऊ नका.

पॅराबोलिकाचा प्रकार वेगळा. तिथे वेग जास्त, तेव्हा गाडीला जमिनीवर दाबणाऱ्या वाऱ्याचा दाब बोलतो (टायरमधल्या हवेचा नव्हे). मागची राइड हाइट (जमिनीपासूनची उंची) पुढच्यापेक्षा जितकी जास्त, तितका दाब पुढच्या चाकांकडे सरकतो आणि मागची बाजू हलकी होते. मागून दोन मिलिमीटर उतरवून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर मागची विंग (पंख) एक पायरी वाढवा; स्ट्रेटवर थोडा वेग जाईल. मोंझावर विंग वाढवायला सगळेच कचरतात, पण पॅराबोलिकात गॅस उशिरा दिलात तर पुढच्या संपूर्ण मेन स्ट्रेटवर त्याची किंमत मोजता. अस्कारी या वळणांचा कर्ब (ट्रॅकच्या कडेची उंच पट्टी) चढताना झटका बसून गाडी उडत असेल तर बंप स्टॉपची (सस्पेन्शन पूर्ण दबताना अडवणाऱ्या ठोकळ्याची) रेंज वाढवा. रेंज संपली की सस्पेन्शन एकदम दगड होतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि सेटअप नव्या नावाने सेव्ह करा. पाच लॅपची सरासरी धरा, सर्वांत जलद लॅप नव्हे.

ब्रेक पॅडचं थोडक्यात: पॅड १ तासाभराच्या रेसला पुरतं, २ लांब रेससाठी, ३ पावसात सौम्य चावतं आणि ४ फक्त क्वालिफायिंगपुरतं (रेसमधली सुरुवातीची जागा ठरवणारं सत्र). क्वालिफायिंगचा सेटअप तसाच ठेवून रेसला उतरलात तर दहा लिटर पेट्रोल आणि पॅड ४ घेऊन ग्रिडवर उभे राहाल. ‘ड्राइव्ह’ बटण दाबण्याआधी रेसचा सेटअप लोड झालाय का ते बघा.

आता पेट्रोल. तुम्ही ६० मिनिटं भागिले स्वतःचा लॅप टाइम असा हिशोब केला असणार. गफलत इथेच होते, कारण रेस संपवतो तो पहिल्या क्रमांकाचा ड्रायव्हर. घड्याळ शून्यावर गेल्यावर तो रेषा ओलांडतो, मगच झेंडा पडतो. समजा पिट स्टॉपला एकूण ६० सेकंद जातात आणि लीडर १:४७.५ ने फिरतोय. त्याचा ३३ वा लॅप ३६०७.५ सेकंदांना संपतो, तिथेच रेस संपली आणि तुम्हालाही ३३ लॅप. तोच लीडर १:४७.२ ने फिरला तर ३३ वा लॅप ३५९७.६ सेकंदांना संपतो. घड्याळात २.४ सेकंद शिल्लक, म्हणजे आणखी एक लॅप. तुम्ही १:४९ ने फिरत असलात तरी तुम्हालाही ३४ लॅप करावे लागतात. लीडरचे ०.३ सेकंद आणि तुमच्या टाकीत ३ लिटर कमी! म्हणून क्वालिफायिंगनंतर सर्वांत वेगवान माणसाचा रेसमधला अंदाजे लॅप धरून हिशोब करा आणि निकाल काठावर असेल तर जास्तीचा लॅप धरा.

लॅपला ३.२ लिटर लागतं असं धरू. तुमचा आकडा सरावात मोजून घ्या. ३४ लॅपचे १०८.८, फॉर्मेशन लॅपचे (रेस सुरू होण्याआधीचा लॅप) ३, वर एक लिटर. साधारण ११३.

हे कुठे भरायचं ते लीगच्या नियमावर ठरतं, आणि प्रश्नात तो नियम दिलेला नाही. १० मिनिटांची सक्तीची पिट विंडो (ज्या वेळेत पिट स्टॉप घ्यायलाच हवा) असेल तर ती रेसच्या मध्यावर येते, २५ ते ३५ मिनिटं. तिच्याबाहेरचा स्टॉप मोजला जात नाही. सर्व्हरवर पेट्रोल भरण्याची वेळ ठरावीक ठेवलेली असेल तर कितीही भरा, वेळ तितकीच. मग सुरुवातीला ५५ लिटर घ्या. त्यात फॉर्मेशन धरून १६ लॅप होतात, आणि १४ वा लॅप साधारण २५:२६ ला संपतो, म्हणजे विंडो उघडल्यावर आत यायला दोन लॅपची मोकळीक राहते. ११३ ऐवजी ५५ म्हणजे ५८ लिटर कमी, वजनात चाळीसेक किलो. टायर आणि ब्रेक दोन्ही त्यावर खूश राहतात. वेळ लिटरवर अवलंबून असेल तर उलटं गणित: जास्त पेट्रोल घेऊन निघून स्टॉप छोटा ठेवणं परवडतं का, ते सरावात दोन्ही प्रकारांनी पिटमध्ये येऊन स्टॉपवॉचने बघा.

पुढच्याच्या आधी पिटमध्ये जाऊन त्याला मागे टाकायचं, हा डाव एसीसीत तासाभराच्या रेसमध्ये टायरच्या जोरावर फारसा चालत नाही. टायर तितके झिजत नाहीत आणि नवे टायर पहिल्या लॅपला पकड देत नाहीत. गर्दीत अडकला असाल तर मात्र विंडो उघडताच आत या. मोकळा ट्रॅक मिळणं हाच खरा फायदा.

पेट्रोल सरावापेक्षा जास्त जात असेल तर पेडल तपासा. जी२९ च्या पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर (पेडल किती दाबलं ते मोजणारे सेन्सर) असतात. धूळ आणि खाडीकाठची दमट हवा यांनी ते खराब होतात आणि पाय उचलल्यावरही ब्रेक २-३ टक्के दाबलेला दिसतो. गाडी स्ट्रेटवर ब्रेक घासत चालते, पेट्रोल जातं, ब्रेक तापतात, प्रेशर चढतं. व्हीलच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रेकची पट्टी शून्यावर येते का बघा. नसेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, तोवर थोडा डेडझोन (पेडलच्या सुरुवातीचा न मोजला जाणारा भाग) ठेवा.

विजेचं: यूपीएस घेताना व्हीएवर जाऊ नका, वॅट वाचा. ६०० व्हीएचा यूपीएस ग्राफिक्स कार्डवाल्या पीसीला रेसच्या मध्यात पुरत नाही, १००० व्हीएच्या पुढचा बघा. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही बॅकअपवर हवेत. घरापर्यंत फायबर येत असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही. पण इमारतीच्या डक्टमधल्या स्विचमधून लॅन केबल आली असेल तर सोसायटीची वीज गेल्यावर तो स्विच बंद पडतो, तुमचा यूपीएस कितीही मोठा असला तरी. लीगच्या दिवशी वायफाय बंद, केबल लावा. सर्व्हर मुंबईत आहे, सिंगापूरला की युरोपात, हेही विचारून घ्या. युरोपचा असेल तर पहिल्या शिकेनला कुणाच्या दाराला दार लावून ब्रेक मारू नका. तुम्हाला दिसणारी त्याची गाडी प्रत्यक्षात थोडी पुढे असते.

लीगचा पेट्रोल भरण्याचा नियम आणि सर्व्हरवरचं तापमान इथे टाका, तुमच्या गाडीचे दोन्ही स्टिंटचे (पिट स्टॉपच्या आधीच्या आणि नंतरच्या टप्प्याचे) आकडे काढून देतो.