‘मुकोको सोळाव्या वर्षी बुंडेसलिगात खेळला, मी पंधराव्या वर्षीच संपलो’

प्रिय ताई,

आम्ही मूळचे सांगलीचे, आता बरीच वर्षं जर्मनीत हॅनोव्हरला असतो. मुलगा पंधरा वर्षांचा आहे. लहानपणापासून फुटबॉलचं वेड, स्ट्रायकर म्हणून खेळतो. सहा वर्षं तो एका मोठ्या क्लबच्या अकादमीत होता. मागच्या महिन्यात प्रशिक्षकांनी आम्हाला बोलावून सांगितलं, की पुढच्या हंगामात त्याला जागा नाही. पायात कला आहे, पण अंगाने कमी पडतो, म्हणाले. वर्गात आणि संघातही तोच सगळ्यात बुटका आहे, जन्म नोव्हेंबरचा.

तेव्हापासून तो आमच्याशी धड बोलत नाही. रात्री उशिरापर्यंत जागा असतो. खोलीत यूसुफा मुकोको या फुटबॉलपटूचं पोस्टर होतं, तेही काढून टाकलं. परवा म्हणाला, ‘मुकोको सोळाव्या वर्षी बुंडेसलिगात खेळला, मी पंधराव्या वर्षीच संपलो.’ बुंडेसलिगा म्हणजे इथली सर्वात वरची फुटबॉल लीग. यांचं म्हणणं, झालं ते बरंच झालं, आता अभ्यासाला लागेल. हे त्यांनी जेवताना त्याच्यासमोरच बोलून दाखवलं. त्यात एका एजंटचा फोन आला. त्याने आधी मुलाला इन्स्टाग्रामवर गाठलं होतं. स्पेनमध्ये चाचणी शिबिर आहे, साडेतीन हजार युरो भरा, तिथे मोठ्या क्लबांची माणसं येतात, म्हणाला. भरू का? मुलाचं तोंड बघवत नाही हो.

— एक आई, हॅनोव्हर

पैशांचं आधी सांगते, कारण अशी माणसं उत्तरासाठी चार दिवसांच्या वर वेळ देत नाहीत. भरू नका. ज्या क्लबला मुलगा हवा असतो तो त्याला स्वतःहून सरावाला बोलावतो, आईबापांकडून पैसे घेऊन नाही. खेळाडूंच्या एजंटला फिफाचा परवाना लागतो, आणि मुलगा अल्पवयीन असेल तर त्याच्याशी बोलण्याआधी पालकांची लेखी संमती घ्यावी लागते. या गृहस्थांनी आधी मुलाला गाठलं आणि मग तुम्हाला फोन केला, यातच सगळं आलं. पोर दुखावलेलं असताना आई गळ्यातलं मंगळसूत्रसुद्धा काढून देईल, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. नंबर ब्लॉक करा आणि का केला ते मुलालाही सांगा. नाहीतर आईने आलेली शेवटची संधी घालवली, असं त्याच्या मनात राहील.

आता मुकोकोबद्दल. तुमच्या मुलाने स्वतःला मोजायला हीच पट्टी घेतली आहे, म्हणून ती नीट तपासू या.

मुकोकोचा जन्म २० नोव्हेंबर २००४चा, कॅमेरूनमधल्या याउंदेचा. म्हणजे तोही नोव्हेंबरचाच. २०१४मध्ये तो वडिलांकडे हॅम्बुर्गला आला आणि सेंट पाउलीच्या मुलांच्या संघात खेळू लागला. २०१६मध्ये डॉर्टमुंड या मोठ्या क्लबने त्याला नेलं. पुढच्याच हंगामात, बारा-तेरा वर्षांचा असताना, १७ वर्षांखालच्या बुंडेसलिगात त्याने २८ सामन्यांत ४० गोल केले. १९ वर्षांखालच्या संघात आल्यावर पहिल्याच सामन्यात सहा. २०२०मध्ये बुंडेसलिगाने खेळाडूंची किमान वयाची अट सोळावर आणली, आणि २१ नोव्हेंबरला, सोळावा वाढदिवस उलटून एकच दिवस झालेला असताना, बर्लिनमध्ये तो पहिल्यांदा मैदानात उतरला. ८५वं मिनिट होतं. डॉर्टमुंडचा स्ट्रायकर एर्लिंग हालांडने त्या संध्याकाळी चार गोल केले होते, तो बाहेर आला आणि त्याच्या जागी हा पोरगा आत गेला. कोरोनामुळे त्या प्रचंड स्टेडियमच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बुंडेसलिगाच्या इतिहासातला सर्वात लहान खेळाडू टाळ्यांशिवायच आत गेला. महिन्याभरात युनियन बर्लिनविरुद्ध गोल करून तो सर्वात लहान गोल करणाराही झाला.

इथपर्यंतचं तुमच्या मुलाला तोंडपाठ असणार. अडचण अशी आहे, की पोस्टरवर एवढंच असतं.

हे सगळं घडत असताना त्या मुलाच्या वाट्याला काय येत होतं, तेही त्याला सांगा. इतका लहान मुलगा इतके गोल कसे करतो, म्हणून लोकांनी त्याच्या वयावर संशय घेतला, वडिलांना जन्मनोंदणीचे खुलासे करत बसावं लागलं. बाराव्या वर्षी तो जर्मनीच्या १६ वर्षांखालच्या संघात खेळला, आणि भोवती इतका गोंगाट झाला की त्याच्याच भल्यासाठी त्याला काही काळ राष्ट्रीय संघांपासून लांब ठेवावं लागलं. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये शाल्क क्लबविरुद्ध १९ वर्षांखालच्या सामन्यात त्याने तीन गोल केले, तेव्हा प्रेक्षकांतून त्याला वर्णद्वेषी शिव्या आणि धमक्या मिळाल्या. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. तुमच्या मुलाच्याच वयाचा. इतक्या लवकर वर गेलेल्या मुलाला लहान राहायची मुभा कोणी देत नाही, आणि मला त्या मुलाबद्दल आजही वाईट वाटतं.

पुढे काय झालं? दुखापती झाल्या. डॉर्टमुंडमध्ये तो बराचसा राखीव खेळाडूंच्या बाकावरच राहिला. २०२२च्या विश्वचषकात जपानविरुद्ध शेवटच्या मिनिटाला आत आला आणि विश्वचषकात खेळलेला जर्मनीचा सर्वात लहान खेळाडू ठरला, अठरा वर्षं आणि तीन दिवसांचा. मग २०२४मध्ये उसना म्हणून फ्रान्समधल्या नीसला गेला, २०२५च्या उन्हाळ्यात कोपनहेगनला. याला अपयश म्हणू नका. विशीत व्यावसायिक फुटबॉल खेळून पोट भरणारा मुलगा यशस्वीच आहे. पण सोळाव्या वर्षी जे दार उघडलं, त्यातून पुढची सगळी वाट आपोआप मोकळी झाली नाही. विशीत त्यालाही नव्या गावात, नव्या संघात जागा कमवावी लागतेय.

त्या विश्वचषकाच्या आधीचा एक सामना मुलाला दाखवा, ठळक क्षण कुठेही सापडतील. १६ नोव्हेंबर २०२२, मस्कत, ओमानविरुद्धचा सराव सामना. त्या दिवशी जर्मनीकडून दोन स्ट्रायकर पहिल्यांदा खेळले. एक मुकोको, अठरा पूर्ण व्हायला चार दिवस बाकी असलेला. दुसरा निक्लास फ्युलक्रुग, वय वर्षं २९. फ्युलक्रुग तुमच्या हॅनोव्हरमध्येच जन्मलेला. त्याआधीचा हंगाम तो वेर्डर ब्रेमेनकडून दुसऱ्या विभागात खेळला होता, गुडघ्याच्या दुखण्यांनी त्याची वर्षंच्या वर्षं खाल्ली होती. सामना १-० असा सुटला. गोल ८०व्या मिनिटाला, फ्युलक्रुगचा. नंतर विश्वचषकात स्पेनशी बरोबरी साधून देणारा गोलही त्याचाच. दोघांच्या वयात जवळजवळ बारा वर्षांचं अंतर, आणि अंगावर एकच जर्सी, एकाच संध्याकाळी पहिल्यांदा.

अजून एक नाव सांगते, आणि हे तुमच्या अगदी घराजवळचं आहे. डेनिझ उंडाव. ब्रेमेनजवळच्या आखिममध्ये वाढलेला, कुर्दिश यझिदी घरातला मुलगा. वेर्डर ब्रेमेनच्या अकादमीत होता. २०१२मध्ये, सोळाव्या वर्षाच्या आसपास, त्यालाही तिथून बाहेर पडावं लागलं, त्यालाही अंगाने लहान म्हटलं गेलं. मग तो कुठे गेला? आधी वायहे नावाच्या छोट्या गावातल्या क्लबात, आणि मग टीएसव्ही हाफेल्सेत. हाफेल्से म्हणजे गार्ब्सेन, तुमच्या शहराला लागूनच. खेळता खेळता त्याने कारखान्यात यंत्र चालवायचं रीतसर आउसबिल्डुंग, म्हणजे कामाचं प्रशिक्षण, पूर्ण केलं. मग ब्राउनश्वाइगचा दुय्यम संघ, मग तिसऱ्या विभागातला मेप्पेन. २०२०मध्ये तो बेल्जियमच्या दुसऱ्या विभागातल्या युनियन सेंट-जिलोआजकडे गेला, तेव्हा जर्मनीत कोणाच्या ते ध्यानातही आलं नसेल. तो संघ ४८ वर्षांनी वरच्या विभागात चढला आणि पुढच्या हंगामात उंडाव त्या विभागात सर्वाधिक गोल करणारा ठरला. मग ब्रायटन, मग स्टुटगार्ट. २०२३-२४च्या हंगामात त्याने बुंडेसलिगात १८ गोल केले, स्टुटगार्ट दुसरं आलं, आणि मार्च २०२४मध्ये तो फ्रान्सविरुद्ध जर्मनीकडून पहिल्यांदा खेळला. वय २७.

मला यात त्याच्या गोलांपेक्षा मधली वर्षं मोलाची वाटतात. त्या वर्षांत तो दर शनिवार-रविवारी खेळत होता. मोठ्या अकादमीच्या बाकावर बसून नाही, छोट्या मैदानावर नव्वद मिनिटं. स्ट्रायकर गोल करून करूनच घडतो, आणि गोल करायला आधी संघात असावं लागतं.

पण उंडावची गोष्ट मुलाला वचन म्हणून सांगू नका. ‘बघ, तूही असाच होशील’ हे वाक्य तोंडातून काढू नका, पंधरा वर्षांच्या मुलाला खोटं चटकन कळतं. अकादमीतून बाहेर पडलेली बहुतेक मुलं पुढे नोकऱ्या करतात आणि गावच्या क्लबात खेळतात. त्यांच्यात गवंडी असतात, डॉक्टर असतात, शिक्षक असतात. रविवारी सामना झाला की क्लबच्या खोलीत सगळे एकत्र बसतात. जर्मन फुटबॉल या माणसांवर उभं आहे. तुमचा मुलगा त्यांच्यातला एक झाला तरी ती सहा वर्षं वाया गेलेली नसतील, आणि हे तुम्हाला मनापासून पटलं तरच त्याला सांगा.

तुमच्या यजमानांचं अभ्यासाबद्दलचं म्हणणं चुकीचं नाही, आबिटूर, म्हणजे इथली बारावी, व्हायलाच हवी. पण ते बोलण्याची वेळ फार चुकली. मुलाच्या घरात एक प्रकारे सुतक आहे, आणि त्यात बापाने हुश्श म्हटलं, असं त्याला ऐकू आलं. हे त्यांनीच दुरुस्त करायला हवं, तुम्ही मध्ये पडून नाही. दोघांना एकत्र कुठेतरी पाठवा, गाडीत शेजारी बसले की बापलेक बरे बोलतात. यजमानांना एक विचारा, त्यांची स्वतःची उंची कधी वाढली? बऱ्याच घरांत उत्तर ‘बारावीत’ किंवा ‘कॉलेजात गेल्यावर’ असं येतं. तसं असेल तर ते त्यांनी मुलाला आपल्या तोंडाने सांगावं. जर्मनीत मुलांचे संघ १ जानेवारीच्या जन्मतारखेने पाडतात. नोव्हेंबरचं मूल जानेवारीच्या मुलापुढे दहा महिन्यांनी लहान, त्यात अंगाने उशिरा भरणारं असेल तर आणखी मागे. अकादम्यांमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं ठळकपणे जास्त दिसतात, हे जर्मनीतल्या प्रशिक्षकांनाही ठाऊक आहे. त्यांनी तुमच्या मुलाचं आजचं शरीर पाहून निर्णय घेतला. अठराव्या वर्षाचं शरीर त्यांनी पाहिलेलं नाही, कोणीच पाहिलेलं नाही.

झोपेकडे मात्र लक्ष ठेवा. अजून दोन आठवडे असंच चाललं, जेवण तुटलं, शाळा बुडायला लागली, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि ते शेवटचं बोलला तर त्याच दिवशी न्या. ११६१११ हा मुलांसाठीचा मोफत फोन आहे, नाव सांगावं लागत नाही. तो नंबर त्याच्या टेबलावर लिहून ठेवा, समजवत बसू नका.

नव्या क्लबचं काय? नाव मोठं शोधू नका. आसपासच्या दोन-तीन क्लबांत त्याला सरावाला जाऊ द्या आणि प्रशिक्षकाला एकच विचारा, माझा मुलगा दर आठवड्याला खेळेल का. जो सरळ उत्तर देईल तो क्लब. मुलगा आत्ता तयार नसेल तर ढकलू नका, पण कागदपत्रं थांबवू नका, कारण इथे तारखा आडव्या येतात. मुलांच्या फुटबॉलमध्ये क्लब बदलायचा तर जुन्या क्लबातली नोंदणी ३० जूनपर्यंत रद्द करावी लागते, आणि नव्या क्लबने अर्ज ३१ ऑगस्टपर्यंत द्यायचा असतो. तारीख चुकली तर जुन्या क्लबची परवानगी मागत फिरावं लागतं किंवा मुलाला काही महिने सामन्यांविना बसावं लागतं. तेव्हा नवा क्लब ठरलेला नसला तरी रद्द करण्याचं पत्र या आठवड्यात रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा, आणि सही करताना मुलाला शेजारी बसवा. पत्रात नाव त्याचं आहे, तेव्हा काय लिहिलंय ते त्यालाच वाचू द्या.