आयर्लंडमध्ये १ मेला दारात पिवळी फुलं का टाकतात?

मी सहा वर्षं वेक्सफर्ड परगण्यात राहते, त्यामुळे थोडं पाहिलेलं आणि बरंचसं शेजारच्या आजींकडून ऐकलेलं सांगते.

तिकडच्या जुन्या गणनेत उन्हाळा १ मेला लागतो. त्या दिवसाला ब्याल्टना म्हणतात. आदल्या रात्री 'भली माणसं', म्हणजे तिकडच्या पऱ्या, फिरतात, अशी समजूत. ही आपल्या गोष्टींतली नाजूक परी नव्हे. नाव घेतलं तर ओढवेल म्हणून लोक असं आडून बोलतात. उंबरठ्यावर, खिडकीत, गोठ्याच्या दारात प्रिमरोजसारखी पिवळी फुलं टाकली, की त्यांना आत येता येत नाही.

पण माझ्या मते सगळ्याच्या मुळाशी लोणी आहे. गाई नव्या गवतावर जायच्या त्या सुमाराला, आणि लोणी विकूनच कित्येक कुळांचा खंड फिटायचा. पहाटे कोणी तुमच्या कुरणातलं दव फडक्याने टिपून नेलं, की वर्षभराचं लोणी त्याच्या घरी गेलं. तुम्ही घुसळत बसा, हाती फेस! म्हणून त्या दिवशी दूध, मीठ, विस्तव कोणाला द्यायचा नाही. गावात पहिला धूर आपल्या धुराड्यातून निघू द्यायचा नाही. गाईंजवळ ससा दिसला, तर ती दूध चोरायला आलेली चेटकीणच.

पहिल्या वर्षी हे ठाऊक नसताना मी १ मेला आजींकडे वाटीभर दूध मागायला गेले. त्यांनी मला आत बसवून चहा पाजला, पण वाटी रिकामीच परत दिली.

त्यांच्या अंगणात हॉथॉर्नची, म्हणजे पांढऱ्या फुलांच्या एका काटेरी झाडाची, फांदी रोवलेली होती. ईस्टरपासून जपलेली अंड्यांची रंगवलेली टरफलं आणि फिती तिला बांधलेल्या. हे 'मे बुश'. हॉथॉर्नचा मोहोर मात्र घरात आणायचा नाही, आणला तर घरात मृत्यू होतो म्हणतात. त्या फुलांत ट्रायमिथाइलअमाइन नावाचं रसायन असतं, सडणाऱ्या मांसातही तेच असतं. वास घेतलात तर ही भीती कुठून आली ते लगेच कळतं.

एकटं उभं हॉथॉर्न 'भल्या माणसांचं' मानतात, त्याला तर कोणी कुऱ्हाड लावत नाही. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात लाटूनजवळ असं एक झाड नव्या महामार्गाच्या वाटेत आलं. लोककथा सांगणारे एडी लेनिहन त्याच्यासाठी उभे राहिले आणि झाड राखून रस्ता झाला. २००२ मध्ये कोणीतरी त्याच्या फांद्या तोडल्या, तरी ते पुन्हा पालवलं.