घरशाळेत इतिहास-भूगोलाच्या नकाशांचा पसारा कसा आवरायचा?

तुम्ही विचारलंय की आठ आणि बारा वर्षांची दोन मुलं घरीच शिकतात, प्रत्येक धड्याला नवा नकाशा सुरू होतो, रंगवण्यातच दिवस संपतो आणि अर्धवट कागद साठत जातात. मी म्हणेन, दर धड्याला नवा नकाशा काढणं आधी बंद करा. एका प्रदेशाचा एकच जाड कागदावरचा नकाशा ठेवा. त्यावर फक्त किनारा, नद्या, डोंगर आणि वाळवंट. आजच्या देशांच्या सीमा नकोत, नाहीतर मुलं प्राचीन इतिहाससुद्धा त्याच चौकटीत बसवू लागतात.

इतिहास येतो वरच्या ट्रेसिंग पेपरवर. कागद एका कडेला चिकटपट्टीने लावायचा, म्हणजे पानासारखा उलटता येतो. दोन कोपऱ्यांत फुलीच्या खुणा खालीवर जुळवून घ्या. एवढं केलं की पुढचा थर सरकत नाही.

इजिप्तचं उदाहरण घ्या. खालच्या नकाशावर धाकट्याने नाईल निळी करायची आणि प्रवाहाचा बाण दक्षिणेकडून उत्तरेकडे काढायचा. थोरल्याने ट्रेसिंगवर वाऱ्याचा बाण काढायचा. तिथे वारा बहुतेक वेळा उत्तरेकडून वाहतो. दोन बाण समोरासमोर आले की विचारा, होडी कशी जाईल? उत्तरेला जाताना प्रवाह नेतो, दक्षिणेला जाताना शीड. एकाच नदीने एवढं लांबलचक राज्य कसं जोडून ठेवलं, ते मूल स्वतःच बोलून दाखवतं. पिरॅमिडची चित्रं चिकटवून हे होत नाही. (चिकटवायची तर चिकटवू द्या, पण नकाशा पूर्ण झाल्यावर.)

मोठ्यासाठी आणखी एक: एका थरावर वास्को द गामाचा 1497-98 चा लिस्बन ते कालिकत मार्ग, दुसऱ्यावर 1869 मध्ये खुल्या झालेल्या सुएझ कालव्यातून जाणारा. अंतर मात्र पृथ्वीगोलावर दोरा ठेवून मोजायचं. सपाट जगाच्या नकाशावर अंतरं फसवतात. मर्केटर या नकाशाकाराचा 1569 चा नकाशा खलाशांना दिशा धरून जाता यावं म्हणून होता. त्या पद्धतीत ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे.

नकाशा कधी ‘पूर्ण’ म्हणायचा, हे आधीच ठरवून ठेवा. शीर्षक, सूची, दिशा, प्रमाण आणि एका प्रश्नाचं उत्तर, बस. रंग ऐच्छिक. नाहीतर समुद्र रंगवता रंगवता मूल कंटाळतं आणि नकाशाचं नाव काढलं तरी तोंड फिरवतं.

तपासायचं असेल तर थर उलटा आणि कोऱ्या आराखड्यावर बोटाने दाखवायला सांगा. वेगळी परीक्षा नको.

आराखडे छापताना मात्र एक बघा. छापताना आकार लहानमोठा झाला की ‘1 सेंमी = 100 किमी’ हे शब्दप्रमाण चुकीचं ठरतं. रेषाप्रमाण, म्हणजे नकाशावरच काढलेली अंतराची पट्टी, नकाशाबरोबरच वाढतं किंवा आकसतं, त्यामुळे ते बरोबर राहतं. म्हणून रेषाप्रमाण असलेलेच आराखडे निवडा.