आधी पदर, मग पाणी

प्रिय सई,

रविवारी तू फोनवर विचारलंस आणि मी ‘गॅसवर दूध आहे’ म्हणून फोन ठेवला. दूध नव्हतं. उत्तर नव्हतं. चार दिवस झाले, तो प्रश्न माझ्यासोबत बसमध्ये, ऑफिसात, भाजीच्या रांगेत फिरतोय. म्हणून आज लिहायला बसले.

तू आणि तुझ्या ग्वेल्फच्या मैत्रिणी ह्युरॉन लेकवर गेलात. त्यातल्या दोघींनी वरचे कपडे काढून ठेवले आणि आजूबाजूच्या पुरुषांसारख्याच उघड्या अंगाने पाण्यात शिरल्या. इथे कॅनडात कायद्याने चालतं, कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही, असं तू सांगितलंस. तू काढले नाहीस. आणि मग म्हणालीस, “आई, मला काढायचेच होते असं नाही. पण त्यांना बघून माझा हात आपोआप छातीशी गेला. मी तर पूर्ण कपड्यांत होते. ही लाज माझी नाहीये. तुझी आहे. तू मला ती कधी दिलीस?”

दिली असणार मी. कधी, ते आठवत नाही, आणि तेच मला लागलं. मला कुणी दिली ते मात्र चांगलं आठवतं. साल सांगता येणार नाही, तिथी सांगते. आखाजी.

तू पाहिलंस ते आपलं गावचं घर स्लॅबचं. त्याआधी ते धाब्याचं होतं, मातीच्या जाड भिंतींचं. अक्षय तृतीयेला आपल्याकडे आखाजी म्हणतात हे तुला माहीत आहे, पण तू कधी आखाजीला गावी गेली नाहीस, कारण तेव्हा तुझी शाळा असायची. अमळनेर तालुक्यातला वैशाख म्हणजे पारा पंचेचाळीसच्या घरात. निंबाला झोके बांधलेले, सासरहून आलेल्या लेकी गौराईची गाणी म्हणतायत, घरात पितरांची घागर भरलेली, आमरस काढलेला. ओट्यावर नाना, दोन्ही काका आणि गल्लीतले पाच-सहा जण पत्ते खेळत बसलेले. आखाजीला पत्ते चालायचे, त्या दिवशी कुणी कुणाला रागवायचं नाही. सगळे उघडे. बनियनसुद्धा काढून खांबाच्या खुंटीला टांगलेलं. पाठीवरून घाम ओघळतोय, मधूनच कुणीतरी उठून रांजणातला तांब्या डोक्यावर ओतून घेतोय.

आणि आत बायका मांडे करत होत्या.

मांडे तू खाल्लेस, करताना पाहिले नाहीस. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायचा. तो रुमालासारखा पातळ झाला की अलगद उपड्या खापरावर टाकायचा. खापराखाली पऱ्हाट्यांचा जाळ. तुझी आजी, म्हणजे माझी आई, मांडे टाकण्यात गावात पहिली. सकाळी सातपासून ती त्या चुलीपुढे होती. नऊवारी, अंगात लांब बाह्यांचं पोलकं, डोक्यावरून पदर, कारण ओट्यावर दीर बसलेले. त्या खोलीला एक खिडकी होती, वीतभर.

दुपारी ती पडली. हातावरचा मांडा तसाच चुलीच्या कडेला घसरला आणि ती भिंतीला टेकत टेकत खाली गेली. मी दहा-अकरा वर्षांची, दारात वाटी घेऊन उभी. मोठ्या काकू धावल्या. सई, मी तो हात अजून विसरले नाही. काकूंचा हात आधी पदराकडे गेला. पडताना पदर खांद्यावरून सरकला होता, तो त्यांनी ओढून आईच्या छातीवर नीट घातला, मग डोक्यावर घेतला. “दार लोटा गं,” कुणीतरी म्हणालं. दार लोटलं. होता नव्हता तो वारा गेला. मग पाणी आणलं. आई शुद्धीवर आली तेव्हा पहिला प्रश्न तिने विचारला, “कोन्ही देखं का?” कुणी पाहिलं का?

आधी पदर, मग पाणी. ते कुणी मला शिकवलं नाही, मी दारात उभी राहून शिकले. तुझा हात लेकवर जिथे गेला तो काकूंचाच हात आहे, असं मला चार दिवस वाटतंय.

पण एवढंच सांगितलं तर मी आपल्या माणसांवर अन्याय करीन, कारण त्याच घरात माय होती.

माय म्हणजे माझी आजी, तुझी पणजी. चैत्र लागला की ती पोलकं घालायचीच नाही. लुगड्याचा पदर एका खांद्यावरून घ्यायचा, तोही आपला नावाला, हातात ताडाचा पंखा, आणि ओसरीत शेंगा फोडत बसायची. पुतणे यायचे, सोसायटीचा माणूस यायचा, पोस्टमन यायचा. कुणाला काही वाटायचं नाही. एकदा नानांचा शहरातला मित्र आला आणि ओशाळून मान खाली घालून उभा राहिला, तर माय त्याला म्हणाली, “सात लेकरे पोसात मी. आते मन्ह काय देखस रे?” सात लेकरं पोसली मी, आता माझं काय बघतोस? आणि त्याच्यापुढे शेंगांनी भरलेलं सूप सरकवलं. तोही बसला मग.

नदीवरही तसंच. तापीवर बायका आंघोळीला जायच्या तेव्हा कसला आडोसा? अंगावरच्या ओल्या लुगड्यावरून कोरडं गुंडाळायचं, एक टोक दातात धरायचं, आतून ओलं सोडायचं. चार हातांवर पुरुष बैलं धूत असायचे. ते नदीच्या त्या अंगाला बघायचे. कुणी सांगावं लागत नव्हतं. सातपुड्यातून कापूस वेचायला येणाऱ्या भिल्लिणी बांधावर बसून सगळ्यांदेखत लेकराला पाजायच्या, बाभळीला झोळी टांगलेली. एसटीत तर प्रत्येक फेरीला एखादी आई असायची. शेजारच्या सीटवरचा म्हातारा तिच्या मोठ्या पोराला मांडीवर घ्यायचा, म्हणजे तिला नीट पाजता यावं.

हे मी कायम लोकांना सांगत आले. इथे कॅनडात कुणी म्हटलं की तुमच्याकडे बायकांना फार झाकून घ्यावं लागतं, तर मी मायची गोष्ट सांगायचे. आमच्याकडे अंगाचा असा बाऊ नव्हता, नजरेला वळण होतं, असं अभिमानाने सांगायचे. तुलाही सांगितली असेन.

या आठवड्यात मात्र ती गोष्ट सांगताना मी अडखळले. माय पोलकं कधीपासून घालत नव्हती? मी मनाशी मागे मागे गेले. आजोबा गेल्यापासून. त्याआधीच्या तिच्या एकमेव फोटोत ती गळ्यापर्यंत झाकलेली आहे, कपाळ पदराच्या आत. विधवा झाल्यावर तिची ओटी भरणं थांबलं. ओटीत खण असतो ना, चोळीचा, तो जो मी तुला दर दिवाळीला पाठवते. मायला पुढे कुणी खण दिला नाही. तिच्या अंगाला आता चोळीची गरज नाही, असं सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं. मला ती मोकळी वाटायची, पण कदाचित ती मोजणीतून वजा झाली होती, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. आणि सून, जिच्याकडे बघितलं जाऊ शकत होतं, ती चुलीपुढे शुद्ध हरपेपर्यंत झाकलेली.

तरीही, सई, मायच्या चेहऱ्यावरचा तो वारा खोटा नव्हता. पंखा हलवताना ती डोळे मिटायची. या दोन्ही गोष्टी मला एकत्र धरता येत नाहीत आणि एकही सोडवत नाही.

तुझ्या प्रश्नानंतर मी त्या कायद्याचंही वाचलं. ते तुझ्याच गावातलं निघालं. १९९१ च्या जुलैत ग्वेल्फमध्ये ग्वेन जेकब नावाची एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी उकाड्याच्या दिवशी शर्ट काढून रस्त्याने चालली, कारण आजूबाजूचे पुरुष तसेच होते. तिच्यावर खटला झाला, ७५ डॉलर दंड झाला. ती वरच्या कोर्टात गेली. १९९६ च्या डिसेंबरात ओंटारिओच्या अपील न्यायालयाने तिला निर्दोष ठरवलं. तिच्या वागण्यात हीन काही नव्हतं, पैशासाठीही ते नव्हतं, आणि ज्याला आवडलं नाही त्याला बघत राहण्याची सक्ती नव्हती, असं न्यायालय म्हणालं. वाचताना मला ग्वेल्फचा रस्ता दिसलाच नाही. मला आमचा ओटा दिसला, खुंटीवरची बनियनं आणि लोटलेलं दार. उकाडा तोच आणि हिशेबही तोच. फक्त त्या मुलीने तो मोठ्याने विचारला. आमच्या घरात तो कुणी विचारला नाही, मीही नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकापर्यंत काही किनाऱ्यांवर पुरुषांनासुद्धा उघड्या छातीने फिरायला बंदी होती, हेही वाचलं. म्हणजे ओट्यावरच्या नानांना जे आपोआप मिळालं होतं, ते तिथल्या पुरुषांना भांडून मिळालं.

पण माझं मन दुसऱ्या बाजूलाही ओढतं, आणि ते तुला सांगितलं नाही तर लपवल्यासारखं होईल. आपल्याच देशात, त्रावणकोर संस्थानात, आताच्या केरळच्या बाजूला, खालच्या मानलेल्या जातींच्या बायकांनी वरचं अंग झाकायचं नाही असा दंडक होता. त्यातल्याच नाडार जातीच्या बायकांनी ते झाकलं म्हणून त्यांचे कपडे भर बाजारात फाडले गेले. कित्येक वर्षं दंगे झाले, तेव्हा कुठे १८५९ साली महाराजांनी त्यांना अंग झाकायची परवानगी दिली, तीसुद्धा ‘वरच्या जातीच्या बायकांसारखं नाही’ या अटीवर. आणि १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं की गुडघ्याशी येणारं लुगडं नेसणं सोडा, ती तुमच्यावर लादलेली खूण आहे, नीट घोळदार नेसा. बायकांनी लगेच नेसणं बदललं. त्यांच्यासाठी अंगभर वस्त्र म्हणजे मोकळं होणं होतं. म्हणून कुणी मला म्हणतं की झाकणं म्हणजे गुलामी, तेव्हा मी गप्प बसते, पण मला ते पटत नाही. तुझ्या मैत्रिणींना हे ठाऊक असायचं कारण नाही. तुला असावं, एवढंच.

मला तुला काही पटवायचं नाहीये. हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं, कारण ते पूर्ण खरं आहे का, याची मला खात्री नव्हती. तू कपडे काढले नाहीस हे ऐकून माझ्या आत काहीतरी निवांत झालं. ते झालं हे कबूल करते. आणि पुढच्याच श्वासाला तुझा हात छातीशी गेला हे ऐकलं, तेव्हा ती निवांतता मला आवडली नाही.

कधी दिलीस, असं विचारलंस ना. मला एक प्रसंग सापडलाय. तू तीन महिन्यांची होतीस, आमचा इथला पहिला हिवाळा. मॉलमध्ये तू भुकेने रडायला लागलीस. समोर बाक होता, आजूबाजूला माणसं होती. इथे आई कुठेही बाळाला पाजू शकते, तिला कुणी उठवू शकत नाही, हे मला ठाऊक होतं. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं. मी मात्र तुला उचललं आणि टॉयलेटमध्ये गेले, कडी लावली, कमोडचं झाकण पाडून त्यावर बसले, आणि तिथे पाजलं. शेजारी फ्लशचे आवाज. तू दचकत होतीस, पिणं सोडून माझ्याकडे बघत होतीस. मला कुणी आत पाठवलं नव्हतं. एसटीत सगळ्यांसमोर लेकराला पाजणाऱ्या बायांच्या गावातून आलेली मी. कड्या लावायला मी इथे शिकले की तिथून घेऊन आले, हे मला खरंच सांगता येत नाही. पण तुला ती लाज त्या वेळी पोचली असेल. दुधाबरोबर.

त्याचं मला वाईट वाटतं.

आजीला फोन केला होता काल. तुझा प्रश्न सांगितला नाही, नुसतं विचारलं, आई, तुला ती आखाजी आठवते का, तू पडली होतीस ती. म्हणाली, आठवते ना, अठरा मांडे झाले होते, तीस करायचे होते. मी विचारलं, तेव्हा तू कोणी पाहिलं का असं का विचारलंस? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तूच पाहत होतीस ना दारातून. तुझी काळजी वाटली.” मला इतकी वर्षं वाटत होतं की ती पुरुषांबद्दल विचारत होती.

पुढच्या शनिवारी तू घरी येणार आहेस. पाणी अजून गार असेल, तरी आपण दोघी लेकवर जाऊ. तुझ्या लहानपणी मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून काठावरच बसायचे आणि तू ओढायचीस, आठवतं? या वेळी आत येईन म्हणते. काय घालून, ते अजून ठरवलेलं नाही. तू तुझं ठरव आणि माझ्याकडे बघून ठरवू नकोस. डब्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा आणते, मैत्रिणींना यायचं असेल तर आधी सांग, म्हणजे तेवढ्या थापीन.

तुझी,
आई