टायमर ठीक आहे, प्रोग्रॅम बघा

लॉनला दिवसातून तीन-तीनदा पाणी सुटतंय म्हणून आपोआप पाणी सोडणारा टायमर बिघडला असं लगेच धरू नका. बहुतेक वेळा घोळ 'स्टार्ट टाइम'चा असतो. ही वेळ झोनची (एका व्हॉल्व्हवर चालणाऱ्या लॉनच्या भागाची) नसते, अख्ख्या प्रोग्रॅमची, म्हणजे सगळ्या झोनच्या मिळून वेळापत्रकाची असते. पहाटे ५ लावले की झोन १, २, ३ ओळीने आपोआप चालतात. प्रत्येक झोनसाठी वेगळी वेळ भरलीत, तर सगळी फेरी तितक्या वेळा होणार. एकच ठेवा, बाकीच्या काढून टाका. प्रोग्रॅम बी आणि सीसुद्धा उघडून बघा, जुनं काहीतरी तिथे दडून बसलेलं असतं.

चिकण मातीत सलग १५ मिनिटं पाणी दिलं तर निम्मं वाहून जाऊ शकतं. तिथे मात्र मुद्दाम तीन स्टार्ट टाइम द्या, तासातासाच्या अंतराने, दर वेळी ५ मिनिटं.

एकच झोन मुका असेल, म्हणजे चालूच होत नसेल, तर टायमरची वीज बंद करा, त्या झोनची तार सुटी करा आणि ती व कॉमन (सगळ्या झोनची सामाईक तार) यांच्यातला रोध मल्टीमीटरने मोजा. साधारण २० ते ६० ओहम आला तर सॉलेनॉइड (व्हॉल्व्ह उघडणारी विजेची कॉइल) ठीक. शून्याच्या आसपास म्हणजे शॉर्ट. काहीच दाखवत नसेल तर तार तुटलीय, कॉइल जळलीय किंवा व्हॉल्व्हच्या डबीतला जोड गंजलाय. आधी जोडच बघा. नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली असेल तर ग्रीस भरलेला जलरोधक कनेक्टर लावा.

सगळेच झोन बंद? रेन सेन्सर (पावसात पाणी बंद ठेवणारा) बायपास करा, म्हणजे तात्पुरता वगळा, मग कॉमन तार तपासा.

आणि टायमरची वीज काढूनही पाणी थांबत नसेल तर तारांच्या मागे लागू नका. व्हॉल्व्ह खोलून आत बघा, बहुधा डायफ्रॅमखाली (आतल्या रबरी पडद्याखाली) खडा अडकलेला सापडेल.