सरकार अनुदान मागतं ते कोणाकडे?

एका शिक्षिकाताईंनी विचारलं आहे: "मी अंशतः अनुदानित शाळेत शिकवते. आम्ही वर्षानुवर्षं सरकारकडे अनुदान मागतोय. मार्चमध्ये बातमी वाचली, 'लोकसभेत अनुदानाच्या मागण्या मंजूर'. सरकारच अनुदान मागतंय? कोणाकडे? की हे कच्चं भाषांतर आहे?"

ताई, भाषांतर पक्कं आहे. सरकार खरोखरच मागतं आणि लोकसभेकडेच मागतं. घोळ होतो तो 'अनुदान' या शब्दामुळे. गॅसचं अनुदान, ठिबक सिंचनाचं अनुदान, शाळेचं अनुदान. इंग्रजीत सबसिडी वेगळी आणि ग्रँट वेगळी, आपण दोन्हींसाठी एकच शब्द वापरतो. त्यामुळे अनुदान म्हटलं की देणारं सरकार आणि घेणारे आपण, असंच चित्र डोळ्यांपुढे येतं. संसदेच्या कामकाजात अनुदान म्हणजे खर्चासाठी सभागृहाने दिलेली मंजुरी आणि त्या मंजुरीतली रक्कम. अनुमती, अनुज्ञा, अनुमोदन यांच्या पंगतीत हा शब्द बसवून पाहा. एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने हो म्हणायचं, हा भाव लगेच जाणवतो.

राज्यघटनेच्या ११३व्या अनुच्छेदात ही रीत स्पष्ट आहे. खर्चाचे अंदाज मागण्यांच्या रूपात लोकसभेपुढे ठेवायचे. लोकसभा मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा रक्कम कमी करू शकते. वाढवून मात्र देऊ शकत नाही, कारण राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मागणीच करता येत नाही. राज्यसभेत अर्थसंकल्पावर चर्चा होते, पण मागण्यांवर मतदान होत नाही. म्हणून 'संसदेने मागण्या मंजूर केल्या' हे ढोबळ झालं, 'लोकसभेने' हेच नेमकं.

ज्या खर्चावर मतदान होतं त्याला आपल्याकडच्या अर्थसंकल्पी कागदांत एक सुंदर शब्द आहे: दत्तमत. दत्तक, प्रदत्त यांतला जो 'दत्त', तोच हा. दत्त म्हणजे दिलेलं, म्हणून ज्यावर सभागृहाने मत दिलं तो खर्च दत्तमत. त्याची दुसरी बाजू 'भारित'. राष्ट्रपतींचं वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार, सरकारी कर्जावरचं व्याज हा खर्च थेट एकत्रित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर, टाकलेला असतो. त्यावर बोलता येतं, मत देता येत नाही. न्यायाधीशांचा पगार दरवर्षी बहुमताच्या मर्जीवर राहू नये म्हणून ही तजवीज आहे.

नाराजीसुद्धा इथे रुपयांतच बोलून दाखवतात, ही गोष्ट मला फार आवडते. एखाद्या खात्याचं धोरणच पटत नसेल, तर सदस्य कपात सूचना देतो: मागणीची रक्कम १ रुपयापर्यंत खाली आणावी. विशिष्ट तक्रार मांडायची असेल, तर १०० रुपयांची लाक्षणिक कपात सुचवतो. हजारो कोटींच्या मागणीतून १०० रुपये वजा करा म्हणणं म्हणजे खर्च वाचवणं नव्हे. 'तुम्ही मागायला आला आहात, तेव्हा आधी आमचं ऐकून घ्या', असं सांगण्याची ती रीत आहे.

मागणी मंजूर झाली तरी तिजोरी उघडत नाही. त्यानंतर येतं विनियोजन विधेयक. हा शब्द सरकारी आणि रुक्ष वाटतो म्हणणाऱ्यांना मी घरातली सांजवेळ आठवायला सांगतो. रामरक्षेच्या सुरुवातीला आपण म्हणतो, 'श्रीरामचंद्रप्रीत्यर्थे जपे विनियोगः'. या स्तोत्राचा विनियोग जपासाठी, असं आधी सांगायचं आणि मग स्तोत्र म्हणायचं. विनियोग म्हणजे एखादी गोष्ट ठरावीक कामाला लावून देणं. विनियोजनही त्याच घरातलं. एवढी रक्कम या कामाला, तेवढी त्या कामाला, असं कायद्याने बांधून दिल्याशिवाय एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही, असं ११४वा अनुच्छेद सांगतो. ज्याने कोणी अप्रोप्रिएशनसाठी हा शब्द योजला, त्याच्या कानाला मी मनापासून दाद देतो.

लेखानुदानाबद्दलही पुष्कळ जण विचारतात. यातला 'लेखा' लेखापाल, लेखाशीर्ष यांतला, म्हणजे हिशेब. आपल्या गावाकडे याला चपखल शब्द आहे, उचल. साखर कारखाना उसाची पहिली उचल देतो आणि अंतिम दर ठरला की ती त्यातून वळती करतो. तसंच वर्षाच्या मागण्या पूर्ण मंजूर होईपर्यंत काही महिन्यांच्या खर्चासाठी सभागृह आगाऊ रक्कम देतं आणि ती पुढे पूर्ण मंजुरीत सामावली जाते. अर्थसंकल्प फेब्रुवारीअखेर यायचा तेव्हा केंद्रात लेखानुदान दरवर्षीचंच होतं. २०१७पासून तो १ फेब्रुवारीला येऊ लागला, तसं ते मुख्यतः निवडणुकीच्या वर्षापुरतं उरलं. १ फेब्रुवारी २०२४ला अंतरिम अर्थसंकल्प आला, त्याबरोबर लेखानुदान झालं आणि पूर्ण अर्थसंकल्प २३ जुलैला आला. अंतरिम अर्थसंकल्प आणि लेखानुदान हे एकच मानू नये. पहिल्यात जमा आणि खर्च दोन्हींचं विवरण असतं, दुसरं म्हणजे फक्त खर्चाची उचल.

आता मला सलणारी चूक. मुद्रितं तपासत असताना एका दैनिकात 'सरकारने पुरवणी मागण्या मंजूर केल्या' असा मथळा माझ्यासमोर आला. (पुरवणी मागण्या म्हणजे वर्षाच्या मध्येच जादा खर्चासाठी केलेल्या मागण्या.) मी 'मांडल्या' असं दुरुस्त केलं. उपसंपादकांनी 'अर्थ तोच' म्हणत जुनाच ठेवला. अर्थ तोच कसा? मागणारा आणि देणारा एकच झाला, तर मधलं सभागृह वाक्यातून पुसलं गेलं! मंत्रिमंडळ मसुद्याला मान्यता देतं, सरकार मागण्या किंवा विधेयक मांडतं, सभागृह ते संमत करतं. तीन क्रियापदं, तीन कर्ते. बातमी लिहिणाऱ्यांनी एवढं पथ्य पाळलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक पथ्य आहे. केंद्राच्या मागण्या शंभराच्या आसपास असतात. त्यांतल्या मोजक्याच चर्चेला येतात आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी उरलेल्या सगळ्या एकदम मतास टाकल्या जातात. त्याला गिलोटिन म्हणतात. आवाजी मतदानात 'होय'चा एकच गजर होतो आणि कित्येक खात्यांचा वर्षाचा खर्च मिनिटांत संमत होतो. मतविभाजन मागितलं तरच साडेतीन मिनिटं घंटा वाजते, दारं बंद होतात आणि मतं मोजली जातात. तेव्हा अशा मागण्यांच्या बातमीत 'चर्चेविना मंजूर' असंच छापावं. नुसतं 'मंजूर' अपुरं आहे.

ताई, राज्यातही हीच रीत आहे, फक्त तिथे मागणी विधानसभेपुढे जाते. तुमच्या शाळेच्या अनुदानाचा शासन निर्णय हाती आला की खर्च कुठे टाकायचा ते सांगणारी ओळ शोधा. 'मागणी क्रमांक ई-२, २२०२ सर्वसाधारण शिक्षण' असं काहीसं दिसेल. ती मागणी तुमची नव्हे. तुमच्या पगारासाठी सरकारने विधानसभेपुढे केलेली ती मागणी आहे.