मामाच्या बँडच्या चार कॅसेट

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. मामाच्या बँडच्या १९९७ सालच्या चार कॅसेट माळ्यावर सापडल्या आणि आता तुला त्यांचा अल्बम काढायचाय, हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. ती पोरं मी जवळून पाहिली आहेत. सदाशिव पेठेतल्या खोलीत खिडक्यांना गाद्या लावून वाजवायची. गॅदरिंगला इंग्रजी गाणी, आणि दार लावलं की स्वतःची मराठी. ती मराठी गाणी त्या खोलीबाहेर कधी गेलीच नाहीत. म्हणून हे काम व्हायलाच हवं.

पण आत्ता एकही कॅसेट लावू नकोस. आषाढातली हवा आहे. आधी कॅसेटच्या काचेतून टेपच्या गुंडाळीची कड बघ. पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. तशीच वाजवलीस तर ती हेडला, म्हणजे मशीनमधल्या टेप वाचणाऱ्या भागाला, लागेल आणि तिथून पुढच्या कॅसेटला. चारही कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, उभ्या ठेव.

घरच्या टेपरेकॉर्डरवर तर नकोच. त्यांनी फोर-ट्रॅकवर, म्हणजे एकाच कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे भरणाऱ्या मशीनवर, रेकॉर्ड केलं होतं. तिथे कॅसेटला दुसरी बाजू नसते, चारही ट्रॅक एकाच दिशेने जातात. साध्या डेकवर तुला दोनच ऐकू येतील आणि कॅसेट उलटली तर उरलेले दोन उलटे वाजतील. शिवाय साधी कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, त्यांचं मशीन दुप्पट वेगाने चालायचं. मामाचा आवाज निम्म्या वेगाने, विहिरीतून आल्यासारखा येईल आणि तुला वाटेल टेप खराब झाली. त्यांनी डीबीएक्स, म्हणजे टेपची खरखर दाबणारी यंत्रणा, लावून भरलंय, तेव्हा वाजवतानाही ते चालू हवं, नाहीतर आवाज दाबल्यासारखा आणि कर्कश येतो. चार ट्रॅकच्या चार वेगळ्या फाइली करायच्या, उच्च दर्जाच्या: २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ. आणि प्रत्येक कॅसेटला हेडचा कोन कानाने जुळवून घ्यायचा. झांज स्वच्छ वाजली की समजावं, जुळला.

आता तुझा मुख्य प्रश्न. सूर ट्यून करू का, ड्रम नव्याने वाजवून घेऊ का, असं तू विचारलंयस. नको. २००४ मध्ये अशीच एका बँडची कॅसेट मी उतरवली आणि हिस, म्हणजे टेपचा मागे चालणारा ‘स्स्स’ आवाज, पूर्ण जाईपर्यंत साफ करत बसलो. हिसबरोबर झांजेची विरत जाणारी शेपटी गेली, आणि ओळ सुरू होण्याआधी गाणारा मुलगा जो श्वास घ्यायचा तोही गेला. हार्ड डिस्कवर जागा नाही म्हणून कच्ची प्रत मी पुसून टाकली. दोन पावसाळ्यांत मूळ कॅसेट बुरशीने खाल्ली. तो श्वास आता कुठेही नाही, आणि तो माझ्या हातून गेला. म्हणून कच्च्या फाइलींच्या दोन प्रती दोन घरांत ठेव, मगच बाकीचं. हिस थोडी कमी कर, वेग जुळव, चार ट्रॅकचा तोल साध. वीस वर्षांच्या मुलांना पन्नाशीतल्या माणसांसारखं वाजवायला लावू नकोस.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या ‘डेथ’ या बँडची गोष्ट तुला माहीत असेल. हॅकनी कुटुंबातल्या तीन भावांनी १९७५ मध्ये सात गाणी रेकॉर्ड केली. कंपनीला बँडचं नाव बदलून हवं होतं, त्या भावांतला डेव्हिड ऐकेना. पुढच्या वर्षी एका सिंगलच्या पाचशे प्रती त्यांनी स्वतःच काढल्या आणि बाकीच्या टेप पडून राहिल्या. अल्बम निघाला २००९ मध्ये. डेव्हिड २००० सालीच गेला होता. लोक थक्क झाले ते त्या पोरांनी १९७५ मध्ये काय वाजवलं होतं ते ऐकून. उलटंही घडतं: न्यूयॉर्कच्या ‘कोडीन’ या बँडने १९९२ मध्ये केलेलं रेकॉर्डिंग मनासारखं झालं नाही म्हणून स्वतःच बाजूला ठेवलं, आणि तेच २०२२ मध्ये बाहेर आलं. आपल्यालाच न आवडलेलं तीस वर्षांनी कसं ऐकू येईल, हे त्या वयात कळत नाही. तेव्हा मामा ‘हे नको’ म्हणाला तर लगेच मान डोलवू नकोस, पण त्याच्या मनाविरुद्धही काढू नकोस.

परवानगीचं काम मला सगळ्यात नाजूक वाटतं. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि रेकॉर्डिंगचा खर्च तिसऱ्याने केलेला. कायद्यात हे तिन्ही हक्क वेगळे आहेत. भांडून गेलेल्या ड्रमरकडे तू स्वतः जा, फोनवर भागवू नकोस. त्याला गाणी ऐकव, मग कागद पुढे कर. त्यांच्यातला बास वाजवणारा आता नाही. त्याच्या आईकडेही जा.

माझ्याकडे फोर-ट्रॅक मशीन आहे. पट्टा सैल झालाय, तापकीर गल्लीत शोधून बदलून ठेवतो. गणपती झाले, हवा कोरडी झाली की डबा घेऊन ये. येताना मामालाही आण. कुठल्या गाण्यात कोण काय वाजवतंय, हे त्याला विचारून तिथल्या तिथे लिहून घेऊ.

तुझा,
काका